मियाटाला रंगीत सीट बेल्ट: तयार जोडी घ्यावी की मूळच्या रिट्रॅक्टरवर नवा पट्टा शिवून घ्यावा?

मियाटा म्हणजे माझ्दाची टप उघडणारी दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. तिच्या पहिल्या पिढीच्या गाडीला रंगीत पट्टे घालायचे ठरवलं की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे तयार जोडी: लाल, निळा, पिवळा, हवा तो पट्टा, नव्या रिट्रॅक्टरसकट (पट्टा गुंडाळून घेणारी आणि झटका बसला की तो अडवणारी यंत्रणा), कुठल्याही गाडीला बसेल असं सांगून विकलेली. दुसरी म्हणजे आपल्याच गाडीचे रिट्रॅक्टर काढून कुरिअरने पाठवायचे आणि त्यांवर नवा रंगीत पट्टा चढवून घ्यायचा. इकडे अमेरिकेत याला रीवेबिंग म्हणतात. मी दोन्ही वापरलंय. गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने बसवलेली तयार लाल जोडी तिच्यात होती, आणि मूळचे काळे पट्टे डिकीत एका खोक्यात नीट गुंडाळून ठेवलेले होते.

दिसण्यात फारसा फरक नाही. टप खाली केल्यावर काळ्या सीटवरचा लाल पट्टा दोन्हीकडे तितकाच उठून दिसतो. पैशांच्या हिशेबात तयार जोडी सहसा स्वस्त पडते, शिवाय गाडी एक दिवसही बंद राहत नाही. सपाट गावात राहत असाल तर कदाचित इथेच निर्णय होईल, आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

मी मात्र पिट्सबर्गला राहतो. इथे बीचव्ह्यू भागातल्या कँटन अव्हेन्यूचा चढ 37 टक्के सांगतात. तेवढा उभा रस्ता रोजच्या वाटेवर नसला, तरी घरासमोरचा ड्राइव्हवे, ऑफिसचं पार्किंग, पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिराकडे जाणारी वाट, सगळीकडे चढउतार आहेच. आणि तयार जोडीचा पट्टा चढावर उभ्या गाडीत बाहेरच येत नसे. ओढला की खट्. सोडून पुन्हा हळूच ओढला तरी खट्. शेवटी पट्टा न लावताच गाडी सपाट जागेपर्यंत न्यायची, थांबायचं आणि मग पट्टा लावायचा. शेजारी बसलेल्या माणसाला हे दर वेळी समजावून सांगावं लागे. बायकोने तर चढावर गाडी लावलेली असली की तिच्यात बसायचंच बंद केलं. ज्या वस्तूने सगळ्यात आधी आपलं काम करायचं, तीच वस्तू गाडी हलल्याशिवाय लागत नाही, हे मला सहन होईना.

कारण कळलं तेव्हा चूक पट्ट्याची नव्हे, तो बसतो त्या कोनाची निघाली. रिट्रॅक्टरच्या पोटात एका वाटीत छोटी गोळी असते. जोरात ब्रेक लागला की गोळी कलंडते, वरची पट्टी उचलते आणि ती दातेरी चाकात अडकून पट्टा रोखते. हीच गोळी उतारावरही कलंडते. म्हणून अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 209 या नियमात म्हटलंय, की गाडीतल्या आपल्या जागेपासून 15 अंशांपर्यंत रिट्रॅक्टर कोणत्याही बाजूला झुकला तरी तो अडकता कामा नये. 15 अंश म्हणजे साधारण 27 टक्के चढ, भरपूर झाला. पण हे 15 अंश मोजायचे ते रिट्रॅक्टर ज्या कोनात बसावा म्हणून बनवला आहे तिथून. समजा, तयार रिट्रॅक्टर सीटमागच्या टॉवरमध्ये, म्हणजे तो जिथे बसतो त्या उभ्या खांबात, 10 अंशांनी तिरका बसला. मग त्या बाजूला उरतात पाचच, म्हणजे जेमतेम 9 टक्के चढ. माझ्या गाडीत नेमका किती तिरका होता ते मी मोजलं नाही, पण नुसत्या डोळ्यांनाही कललेला दिसत होता. मूळचं ब्रॅकेट त्या टॉवरसाठीच बनवलेलं असतं, त्यामुळे हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

ब्रॅकेटखाली वॉशर घालून कोन सुधारता येतो. मी तसं करून पाहिलं आणि बराच फरक पडला. तरी ज्या बोल्टवर अपघातात माणसाचं सगळं वजन येणार, त्याच्याखाली वॉशरची चळत ठेवणं मनाला पटलं नाही. तुमच्या टॉवरमध्ये तयार जोडी सरळ बसली, तर माझी ही तक्रार तुमच्यापुरती निकालात निघेल.

डिकीतलं खोकं मग रीवेबिंगला गेलं. या वाटेलाही काटे आहेत. पट्टे परत येईपर्यंत गाडी रस्त्यावर नेता येत नाही. माझं निभावलं, कारण दुसरी जोडी गाडीत होती. तुमच्याकडे ती नसेल. नव्या पट्ट्याला मूळचं लेबल राहत नाही, आणि गाड्यांच्या कंपन्या साधारणपणे अख्खी असेंब्लीच बदलायला सांगतात. म्हणून पाठवण्याआधी विचारून घ्या: पट्टा कोणत्या मानकाचा आहे, शिलाई मूळच्या नमुन्याप्रमाणे करणार का, आणि क्लिप घसरून खाली जाऊ नये म्हणून पट्ट्यावर असतं ते प्लॅस्टिकचं बटण परत त्याच जागी लावणार का. हे बटण क्षुल्लक वाटतं, पण ते नसेल तर दर वेळी सीट आणि दाराच्या फटीत हात घालून क्लिप शोधावी लागते. अपघातातून गेलेला रिट्रॅक्टर मात्र रीवेबिंगला पाठवूच नये.

घरचं काम दोन्हीकडे सारखंच. दाराखालची पट्टी काढायची, टॉवरचं प्लॅस्टिकचं कव्हर सोडवायचं, मग मोठे बोल्ट. इतक्या वर्षांत ते गच्च बसलेले असतात, तेव्हा लांब दांड्याचा पाना हवा, आणि बोल्टची डोकी खराब करायची नसतील तर घाई नको. काढलेला रिट्रॅक्टर हातात आडवा धरून पट्टा ओढलात तर तो येणार नाही. बिघडला म्हणून घाबरू नका, ती गोळीच आपलं काम करते आहे. गाडीत असतो तसा उभा धरला की पट्टा सुटतो. परत बसवताना टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) वापरा आणि जोराचा आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या.

तिसरी वाटही काही जण सुचवतात: नुसत्या पट्टीचं बंडल आणून ओळखीच्या सीट कव्हरवाल्याकडून शिवून घ्यायचं. हे करू नका, एवढंच सांगेन. त्याच 209 नियमात तीन टोकांच्या पट्ट्याच्या कमरेच्या भागाला 22,241 न्यूटन आणि छातीवरच्या भागाला 17,793 न्यूटन ताण सोसण्याची अट आहे. म्हणजे सव्वादोन टन आणि पावणेदोन टनांहून जास्त. पट्टी तेवढी मजबूत मिळेलही, पण टोकाची शिलाई तेवढा ताण घेते की नाही हे सीटच्या कापडावर हात बसलेल्या कारागिराला ठरवता येणार नाही.

हे सगळं जुन्या मियाटापुरतं, जिच्या पट्ट्यांत स्फोटक प्रीटेन्शनर, म्हणजे अपघात होताच छोट्या स्फोटाने पट्टा आवळणारी यंत्रणा, नाही. नव्या स्पोर्ट्स कारमध्ये ती असते. तिथे बॅटरी सोडून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय कनेक्टरला हात लावायचा नाही, आणि असा रिट्रॅक्टर पाठवायचा तर तो धोकादायक मालात मोडतो, यूएन 3268, वर्ग 9. पोर्शे किंवा बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांसारखे कारखान्यातूनच रंगीत पट्टे मिळत असतील तर तेच घ्यावेत. नाहीतर काळेच राहू द्यावेत असं माझं मत.

रंगाचं म्हणाल तर उघड्या गाडीत ऊन थेट पट्ट्यावर पडतं. लाल रंग हळूहळू फिकटतो, फिका पिवळा लवकर मळतो. माझा लाल आता किंचित विटकरीकडे झुकलाय आणि मला तो तसाही आवडतो. रीवेबिंगला पाठवायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत पाठवा. रस्त्यावर मीठ पडलेलं असतं तेव्हा नाहीतरी मियाटा गॅरेजमध्येच असते, आणि मार्चमध्ये टप उघडण्याआधी पट्टे सावकाश बसवून होतात.