आधी पाहावा, मग वाचावा: ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’चा एकत्रित खंड

सुपरहिरो कॉमिक्समधले ‘इव्हेंट’, म्हणजे अनेक मालिकांतल्या नायकांना एकत्र आणणारी मोठी कथा, हे प्रकरण एकाच पुस्तकातून समजून घ्यायचे असेल, तर डीसी या प्रकाशकाच्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’चा एकत्रित खंड घ्यावा, असे मी सुचवेन, मात्र तो आधी पाहावा आणि मग वाचावा. मार्व्ह वुल्फमन यांनी लिहिलेली आणि जॉर्ज पेरेझ यांनी चितारलेली ही बारा अंकांची मालिका 1985-86 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी 1984 मध्ये प्रतिस्पर्धी मार्व्हलची ‘सीक्रेट वॉर्स’ आली होती आणि तिचा उगम मॅटेल कंपनीच्या खेळण्यांशी जोडलेला होता. डीसीची गरज वेगळी होती. 1961 साली ‘द फ्लॅश’च्या 123व्या अंकात फ्लॅश या अतिवेगवान नायकाच्या नव्या आणि जुन्या अवतारांची गाठ घालून देण्यासाठी, पुढे ‘अर्थ-टू’ म्हणून ओळखली गेलेली दुसरी पृथ्वी मानली गेली आणि मग पृथ्व्या वाढतच गेल्या. खलनायकांची एक, इतर प्रकाशकांकडून आलेल्या नायकांच्या आणखी काही. हा पसारा आवरून एकच पृथ्वी आणि एकच इतिहास ठेवायचा, हे ‘क्रायसिस’चे खरे काम होते.

म्हणजे मुळात ही हिशेबाच्या जुन्या वह्या मिटवण्याची कामगिरी, आणि कथेवर तिचा भार जागोजागी जाणवतो. अँटी-मॉनिटर हा खलनायक विश्वामागून विश्वे गिळतो, यापलीकडे त्याला स्वभाव असा नाही. पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी वाचकाला माहिती पुरवतात, चौकटींवर निवेदनाचे थर चढतात, आणि ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत असे नायक दोन चौकटींपुरते येऊन नाहीसे होतात. डीसीच्या जगाशी अजिबात परिचय नसलेला वाचक तिसऱ्या-चौथ्या अंकापर्यंत थकेल, आणि त्यात त्याचा दोष नाही.

तरीही हा खंड हातातून सुटत नाही, याचे श्रेय पेरेझ यांचे. पहिल्याच अंकात प्रतिपदार्थाची पांढरी भिंत एकेका विश्वावरून सरकत जाते, तेव्हा इमारती आणि माणसे कोऱ्या कागदात विरत जातात. संहार दाखवण्यासाठी चित्रकाराने चित्र काढणेच थांबवावे, ही युक्ती आजही अंगावर येते. पाचव्या अंकात, अँटी-मॉनिटरचा विरोधक असलेल्या मॉनिटरच्या उपग्रहावर जमलेल्या नायकांच्या गर्दीतही कोणी नुसता गर्दी भरण्यासाठी काढलेला वाटत नाही. उभे राहण्याच्या ढबीवरूनसुद्धा माणूस ओळखू येतो. डिक जिओर्डानो, माइक डिकार्लो आणि जेरी ऑर्डवे यांनी पेरेझ यांच्या पेन्सिलीच्या चित्रांवर शाईचे काम केले असले, तरी पानांची मांडणी सर्वत्र पेरेझ यांचीच वाटते.

सातव्या अंकातील सुपरगर्लचा मृत्यू आणि आठव्यातील फ्लॅशचा मृत्यू हे या मालिकेचे दोन खांब आहेत. सुपरगर्लचा निष्प्राण देह हातांवर घेऊन रडणारा सुपरमॅन, हे मुखपृष्ठ पुढे असंख्य कॉमिक्सनी गिरवले. मला मात्र फ्लॅशचा प्रसंग अधिक कसदार वाटतो, कारण त्याची पेरणी फार आधी झालेली असते. दुसऱ्या अंकात बॅटमनसमोर झिजत चाललेला फ्लॅश क्षणभर प्रकटतो आणि कोणालाच त्याचा उलगडा होत नाही. आठव्या अंकात शत्रूची तोफ मोडण्यासाठी धावताना तो काळात मागे फेकला जातो, तेव्हा ते कोडे सुटते. इव्हेंटच्या कोलाहलात इतकी शांतपणे रचलेली गोष्ट क्वचित सापडते. हे दोघेही पुढे परतले, सुपरगर्ल 2004 मध्ये आणि फ्लॅश 2008 मध्ये. पण बॅरी अ‍ॅलनला, म्हणजे या फ्लॅशला, परत आणायला डीसीने दोन दशकांहून अधिक काळ घेतला. हल्लीचे मृत्यू इतका दम धरत नाहीत.

अकराव्या अंकाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. पृथ्वी आता एकच उरली आहे आणि अर्थ-टूचा वयस्क सुपरमॅन जागा होतो, तर त्याची पत्नी लोइस या नव्या जगाच्या इतिहासातच नाही. सगळी उलथापालथ एका माणसाच्या वाट्याला काय घेऊन आली, हे येथे प्रथमच कळते. वुल्फमन यांनी अशी पाने आणखी लिहायला हवी होती.

एकत्रित खंडाची अडचण अशी की त्यात फक्त मुख्य बारा अंक आहेत. त्या काळी डीसीच्या इतर मालिकांतूनही हे कथानक पसरले होते. त्यांपैकी कित्येक अंकांत तर लाल झालेल्या आकाशापलीकडे ‘क्रायसिस’चा संबंधच नव्हता, त्यामुळे ते नसल्याचे दुःख नाही. काही उपकथानके मात्र मधूनच तुटल्यासारखी वाटतात. हे सहकथांचे अंक ‘कम्पॅनियन’ नावाच्या तीन स्वतंत्र खंडांत मिळतात, पण मुख्य कथा समजण्यासाठी ते घ्यावेच लागतील असे नाही. त्याऐवजी तोच खर्च मोठ्या आकाराच्या आवृत्तीवर करावा. पेरेझ एका पानात इतक्या बारीक चौकटी बसवतात की लहान आकारात चेहरे गिचमिड होतात, आणि फोनच्या पडद्यावर एकेक चौकट मोठी करून पाहिली तर पानाची मांडणीच हातची जाते. दोनच आवृत्त्यांतून निवड करायची असेल, तर जिचे पान मोठे ती घ्यावी.