वेळासचा होमस्टे आणि कासवं – नक्की जा!

कोकणात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गावातल्याच एका घरी राहिलो, जेवण साधं पण काय चव, गरमागरम भात-आमटी आणि सोलकढी मागाल तेवढी. खोल्या साध्या, बाथरूम कॉमन, हॉटेलसारखी सर्व्हिस हवी असेल तर इथे येऊ नका.

खरी गोष्ट किनाऱ्यावर आहे. इथे आधी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी सर्रास उकरून नेली जायची, मग २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन काम सुरू केलं आणि आता गावातलीच पोरं रात्री किनारा फिरतात, घरटं सापडलं की अंडी कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या जागेत, तशाच खड्ड्यात पुरतात, तारीख आणि अंडी किती ते लिहून ठेवतात. साधारण ५० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, मग सकाळ-संध्याकाळ टोपलीतून आणून वाळूवर सोडतात. ओली वाळू लागली की कसली तुरुतुरु पळतात!

आपण राहण्या-जेवण्याचे देतो ते पैसे थेट गावातल्या घरात जातात, म्हणून कासव जगवणं गावाला परवडतं, मला हे फार महत्त्वाचं वाटतं, त्यामुळे प्लीज घासाघीस करू नका. आणि पिल्लं सोडतात तिथे लावलेल्या दोरीच्या आत पाय टाकू नका, फ्लॅश बंद ठेवा. पिल्लं दिसतीलच याची गॅरंटी नसते, निघायच्या आधी फोन करून विचारा.