जानेवारीतलं स्नॉर्केलिंग आणि ३ मिमीचा वेटसूट: आठ महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबरात मी आणि लेकीने एकेक ३ मिमी जाडीचा पूर्ण अंगाचा वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख, घेतला. तेव्हापासून इनडोअर पूल, मालवण, एक क्रूझ आणि फ्लोरिडाची एक ट्रिप एवढा वापर झालाय.

त्याची गरज पटली ती त्याआधीच्या जानेवारीत. मायामीहून क्रूझ घेतली होती आणि नसाऊला स्नॉर्केलिंगची सहल ठरवली होती. न्यू जर्सीच्या बर्फातून आलेल्या आम्हाला बहामाज म्हणजे भर उन्हाळाच वाटला. पाणी ७५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण २४ सेल्सिअस. खोलीत एवढं तापमान असेल तर अंगावर शालही लागत नाही. पण पाणी अंगातली उष्णता हवेच्या जवळजवळ २५ पट वेगाने ओढून नेतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिली दहा मिनिटं मजेत गेली. मग नऊ वर्षांच्या लेकीने माझा दंड धरला. ओठ जांभळे पडलेले, आणि दात इतके वाजत होते की तिला स्नॉर्केलची नळी तोंडात धरवेना, कडेने खारट पाणी आत जात होतं. बोटीवर घेतलं तर वारा पाण्यापेक्षाही बोचरा. सहलवाल्यांकडे तिच्या मापाचा वेटसूट नव्हता, आमचे टॉवेल भिजलेले. परतीची पाऊण तासाची वाट तिने माझ्या कुशीत कुडकुडत काढली. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हा दोघींच्या अंगात लायक्राचे रॅश गार्ड, म्हणजे पोहताना घालायचे पातळ, अंगाबरोबर बसणारे शर्ट, होते. ते उन्हापासून त्वचा वाचवतात, ऊब देत नाहीत. स्नॉर्केलिंगची गोष्ट अशी की आपण फारसे पोहतच नाही, तरंगत राहून खाली बघत असतो, त्यामुळे अंगात फारशी उष्णता तयार होत नाही. वर पाठ सतत पाण्याबाहेर आणि ओली, तिच्यावरून वारा जात राहतो. मला सगळ्यात जास्त गारठा पाठीला आणि मानेला वाजला होता. म्हणून अर्ध्या बाह्यांचा शॉर्टी न घेता पूर्ण सूट घेतला.

मापाबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यावर आहे. वेटसूट पाणी अडवत नाही. थोडं पाणी आत शिरतं, अंगाच्या उबेने गरम होतं आणि तिथेच राहतं. सूट ज्या फोमसारख्या रबराचा असतो त्या निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात, ते ती ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. पण सूट ढगळ असला तर प्रत्येक हालचालीबरोबर गरम पाणी बाहेर आणि गार पाणी आत. मी आधी नेहमीच्या कपड्यांच्या मापाचा मागवला होता. पूलमध्ये उतरले तर कमरेमागे फुगा आला आणि मानेपासून खाली थंड धार गेली. परत करून एक साइज लहान घेतला. कोरडा असताना तो इतका घट्ट बसतो की घालायला दहा मिनिटं लागतात. पायाला आधी प्लास्टिकची पिशवी चढवली की पाय सरकन जातो, आणि ओढायचं ते बोटांच्या पेरांनी. नखं लागली की निओप्रीनला चीर पडते, माझ्या गुडघ्यापाशी एक पडलीच.

डिसेंबरात घरी गेलो तेव्हा मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलं. तिथे सूट नको झाला. पाणी छान कोमट, बोटीत बसल्या बसल्या घामाने निथळले. कोकणासाठी एवढ्या जाड सूटची काही गरज नाही, रॅश गार्ड पुरे.

खरी परीक्षा जानेवारीतल्या क्रूझवर, कोझुमेलला झाली. मेक्सिकोच्या त्या भागात हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वारे येतात, तिथले लोक त्यांना ‘नॉर्ते’ म्हणतात. वारा जोरात असला की बंदर छोट्या बोटींसाठी बंद करतात. आम्ही पोचलो तो वारा नुकताच ओसरल्यावर. पाणी २६ सेल्सिअस, पण हवा गार आणि आभाळ भरलेलं. तिथल्या पालांकार नावाच्या प्रवाळाच्या भागात बोट तुम्हाला उतरवते आणि प्रवाह वाहून नेतो, बोट मागून येते. पाय मारायचेही कष्ट नाहीत, त्यामुळे उघड्या अंगाने गेलेले वीस-पंचवीस मिनिटांत वर यायला लागले. आम्ही दोघी पाऊण तास पाण्यात होतो. प्रवाळाच्या कडेखाली एक कासव चरत होतं, लेक त्याच्यावर तरंगत बराच वेळ बघत राहिली. वर आली तेव्हा तिचे ओठ गुलाबी होते. त्या एका क्षणासाठी दोन्ही सूटचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

बोटीवर मात्र ओला सूट वाऱ्यात पुन्हा गार पडतो. म्हणून तो कमरेपर्यंत उतरवायचा, डोकं पुसायचं आणि वरून कोरडं विंडचीटर, कानटोपी. हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नेलं होतं. जहाजावर थर्मासमध्ये गरम पाणी भरून घेतलं होतं, त्यात घरून आणलेली सुंठ आणि गूळ. परतीच्या बोटीवर रम पंच फुकट मिळतं, पण दारूने त्वचेकडचं रक्त वाढतं आणि अंग उलट लवकर गार पडतं. वरवर ऊब वाटते, एवढंच. लहान मूल सोबत असताना तर मी हातही लावत नाही.

कमतरताही आहेत. सूटमुळे अंग इतकं तरंगतं की खाली बुडी मारता येत नाही. मला ते चालतं, ज्यांना बुडी मारायची असते त्यांना अडचण होईल. केबिनच्या बाथरूममध्ये तो रात्रीत वाळत नाही. गोड्या पाण्याने खळबळून, उलटा करून रुंद हँगरवर टांगला तरी सकाळी काखेत ओलच होती, आणि तसा गार सूट पुन्हा अंगात चढवणं ही शिक्षा आहे. लागोपाठ दोन बंदरांवर पाण्यात उतरणार असाल तर दुसऱ्या दिवसाची सहल दुपारची घ्या. उन्हात वाळवू नका, रबर कडक होतं.

गुडघ्यावरची चीर निओप्रीनच्या गोंदाने चिकटवली, एप्रिलमध्ये फ्लोरिडात टिकली. लेकीचा सूट आता मनगटाशी दोन बोटं आखूड झालाय. तो धुऊन, वाळवून मैत्रिणीच्या मुलाला दिला, ते फेब्रुवारीत नसाऊला चाललेत. सोबत कानटोपीही दिली आहे.