हप्त्याहप्त्याने वाचलेली डिकन्सची कादंबरी

नववीला ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ शिकवताना ही टिपांसहितची शालेय आवृत्ती वर्षभर वापरली. तिची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे समासात छापलेल्या मूळ हप्त्यांच्या खुणा. ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात साप्ताहिकातून ३६ हप्त्यांत आली. हप्ता संपला की मी तास थांबवायचे. पहिल्याच हप्त्याच्या शेवटी कादंबरीचा नायक, छोटा पिप, कानस आणि खाणं चोरून धुक्यात, दलदलीकडे धावत सुटतो. ‘मॅडम, अजून एकच पान!’ असा गलका झाला. इंग्रजीच्या तासाला हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते!

डिकन्सने मित्राच्या सल्ल्यावरून बदललेला मूळ शेवटही परिशिष्टात आहे. त्यावर वर्गात दोन दिवस भांडणं झाली.

मात्र प्रस्तावनेतच पिपचा खरा उपकारकर्ता कोण ते सांगून टाकलंय. हे मला अजिबात पटलं नाही. दोन मुलींनी ती आधीच वाचली आणि त्यांची सगळी उत्सुकता गेली. मुलांना प्रस्तावना शेवटी वाचायला सांगा. टिपा नेमक्या आहेत, कागदही चांगला. पुढच्या वर्षी हीच घेणार.