वायपर आणि बल्ब घरीच बदलले: घोडबंदर रोडवरचे आठ महिने

२०२५ चा पाऊस मुंबई-ठाण्यात २६ मेलाच येऊन धडकला. एरवीची तारीख ११ जून. त्यामुळे 'जूनच्या पहिल्या रविवारी बघू' म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांची चांगलीच फजिती झाली. सोमवार होता. सकाळी वाघबीळहून ऐरोलीला ऑफिसला निघाले आणि मानपाडा येईपर्यंत घाम फुटला. वायपर इमानदारीत फिरत होते, काच मात्र पुसली जात नव्हती. आधीच काचेवर मेट्रोच्या कामाची सिमेंटची धूळ, त्यावर पहिलं पाणी, आणि वायपरने या दोन्हींचा मस्त लेप करून दिला. शेजारच्या वायपरचं रबर टोकाला फाटून शेवईसारखं लोंबत होतं. कापूरबावडीचा सिग्नल मी पुढच्या बसच्या लाल दिव्यांच्या अंदाजाने पार केला, हे घरी सांगितलं नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन लावला. दोन वायपरचे मजुरीसकट तेराशे, वर गाडी दिवसभर ठेवावी लागेल. दोन खटके दाबायचे काम आणि दिवसभर गाडी? सासऱ्यांनी हे ऐकलं मात्र, चष्मा काढून ठेवला. बाबा खोपटला एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेत. "तेराशे? अगं, रबर धरणारा सांगाडा धडधाकट आहे. नुसतं रबर बदल. नव्वद रुपयांचं काम आहे."

मला मात्र फ्लॅट वायपर हवे होते, ते बिनसांगाड्याचे, एका सलग पट्टीचे. शेवटी तडजोड झाली. ड्रायव्हरच्या बाजूला माझ्या पसंतीचा नवा फ्लॅट वायपर, ४२० रुपये. शेजारच्या बाजूला जुन्याच सांगाड्यात नवं रबर, ९० रुपये. दोन्ही वागळे इस्टेटमधल्या एकाच स्पेअर पार्टच्या दुकानातून. एकाच काचेवर, एकाच पावसात, दोन्ही प्रकार शेजारी शेजारी. आठ महिने मी हा सामना रोज बघितला, म्हणून लिहायला बसले.

साइजबद्दल आधी. माझ्या गाडीला ड्रायव्हरकडे २१ इंच आणि पलीकडे १८ इंच लागतो. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण लोक आकडा उचलतात आणि दुकानात जातात. त्याच गाडीचं मॉडेल बदललं की माप बदलतं. जुनी पट्टी टेपने मोजा आणि शक्य झालं तर तीच पिशवीत टाकून दुकानात न्या. एक इंच मोठी घेतली तर दोन्ही पट्ट्या मध्ये एकमेकींवर आपटतात, नाहीतर काचेच्या कडेच्या रबरावर चढतात.

बदलायची पद्धत बहुतेक गाड्यांना सारखीच आहे, आर्मच्या, म्हणजे पट्टी फिरवणाऱ्या दांड्याच्या टोकाला इंग्रजी यू आकाराचा हुक असतो. आर्म काचेपासून उभा करायचा. काही गाड्यांत आधी ड्रायव्हरकडचा उचलावा लागतो, नाहीतर दुसरा त्याच्याखाली अडकतो. मग पट्टी आडवी वळवायची, मधला प्लास्टिकचा खटका दाबून ती खाली, आर्मच्या बुडाच्या दिशेने सरकवायची. हुक मोकळा झाला की पट्टी हातात. नवी घालताना याच्या उलट, 'टक्' असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर बसलेली नाही, आणि न बसलेली पट्टी हायवेवर उडून जाते.

मला मात्र वेगळाच 'टक्' ऐकू आला. जुनी पट्टी काढली, नवीचं खोकं उघडायला वळले आणि उघड्या आर्मला कोपर लागलं. त्या आर्मच्या बुडाशी चांगली ताकदीची स्प्रिंग असते. लोखंडी हुक सरळ काचेवर. खालच्या कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढा टवका उडाला. बाबा दोन सेकंद काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टॉवेल आण." तो टॉवेल आधी आणायचा असतो. पट्टी काढली की काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवायचा, मगच दुसऱ्या कामाला हात घालायचा. टवका अजून तेवढाच आहे, पसरलेला नाही, पण रोज दिसतो.

जूनमध्ये दोन्ही बाजू चकाचक. ईस्टर्न एक्सप्रेसवर ऐंशीच्या वेगात फ्लॅट वायपरचा आवाजच नाही. मी बाबांना दोन-तीनदा ऐकवलंही. जुलैत त्याच वायपरने करकर सुरू केली, आणि थांबून थांबून, उड्या मारत फिरायला लागला. मला वाटलं रबर गेलं. बाबांनी ओलं फडकं घेऊन रबराची धार पुसली, फडक्यावर काळा पट्टा उमटला. मग काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "काच तुपकट आहे." कारण सोसायटीत गाडी धुणारा मुलगा डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशचं फडकंच पुढच्या काचेवर फिरवत होता. वर गाड्यांच्या धुराचं तेल असतंच. शाम्पूच्या पाण्याने काच दोनदा घासली, साध्या पाण्याने धुतली, रबर पुसलं, करकर बंद. तेव्हापासून काचेचं फडकं वेगळं ठेवलंय आणि दर रविवारी रबराची धार पुसते. वायपर 'खराब' निघाला म्हणून बदलणाऱ्या निम्म्या लोकांची काच तुपकट असते, असं आता माझं ठाम मत आहे.

१८ आणि १९ ऑगस्टचा पाऊस आठवत असेल. १८ तारखेला मी नेमकी ऑफिसात अडकले होते आणि संध्याकाळी परत यायला पावणेतीन तास लागले. मुलुंड-ऐरोली पुलावर वायपर सगळ्यात जोरात लावूनही समोर पांढरा पडदा होता. असल्या पावसात कुठलाच वायपर पुरत नाही, वेग कमी करणं एवढंच हातात असतं. पण त्याच दिवशी फ्लॅट वायपरची खोड पहिल्यांदा नीट दिसली. पट्टीचं वरचं टोक, साधारण चार बोटं, काचेला टेकतच नव्हतं. तिथे पाण्याची चंद्रकोर राहायची, आणि ती बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. रबरात दोष नव्हता. माझ्या गाडीची काच कडेला जास्त वळलेली आहे आणि या पट्टीतल्या पोलादी पत्तीचा बाक त्या वळणाला पुरत नाही. सांगाड्याच्या वायपरला चार-सहा ठिकाणी सांधे असतात, तो काचेप्रमाणे वाकतो. शेजारच्या नव्वद रुपयांच्या रबराने त्याच पावसात त्याची बाजू टोकापर्यंत पुसली. मी काही बोलले नाही. बाबा शेजारी नव्हते हे बरं.

त्या वर्षी दिवाळीनंतरही पाऊस पडला. तोवर नव्वदवाल्या रबराच्या बारीक रेघा उमटायला लागल्या होत्या आणि सांगाड्याचे सांधे ढिले झाल्याने परत फिरताना 'खट्' आवाज येतो. फ्लॅटचं रबर पुढच्या जानेवारीतही मऊ होतं, चंद्रकोर मात्र जशीच्या तशी. म्हणजे रबर फ्लॅटचं जास्त टिकलं, पुसलं मात्र सांगाड्याने चांगलं. तुमची काच सपाट असेल तर फ्लॅट बेलाशक घ्या. माझ्यासारखी वळलेली असेल तर दुकानातच लावून बघा, पाणी मारा, वरचं टोक टेकतंय का ते पाहा आणि मगच पैसे द्या.

आता बल्ब. जुलैच्या शेवटी डाव्या हेडलाइटचा डिपर, म्हणजे जवळचा खाली पडणारा उजेड गेला. गंमत अशी की माझ्या हेडलाइटच्या एच-४ जातीच्या बल्बमध्ये पेटणाऱ्या दोन तारा असतात, अप्परची (लांबच्या उजेडाची) ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. डिपरची तुटली तरी अप्पर लागतो. म्हणून कितीतरी लोक महिनोन् महिने अप्परवरच गाडी हाणतात आणि समोरच्याला आंधळं करतात. मला कळलं ते पार्किंगमध्ये. गाडी भिंतीकडे तोंड करून लावते, भिंतीवर उजेडाचे दोन ठिपके पडायला हवेत, एकच पडला. मागचे दिवे एकटीने तपासायलाही हीच युक्ती, गाडी भिंतीकडे पाठ करून लावायची आणि ब्रेक दाबून आरशात बघायचं.

दुकानात पोऱ्याने आधी पांढरे एलईडी पुढे केले. "मॅडम, दिवसासारखा उजेड." बाराशेची जोडी. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण जुन्या हेडलाइटचा आतला आरसा हॅलोजनच्या, म्हणजे साध्या तारेच्या बल्बमधल्या तारेची जागा धरून बनवलेला असतो. उजेड निघायची जागा जरा जरी हलली तरी फोकस विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गायमुखच्या घाटात समोरून असा एक आला की पुढची काही सेकंद रस्ता नावाची गोष्टच उरत नाही. शंभर वॅटचे बल्बही होते. माझ्या ओळखीत एकाचा होल्डर त्याने वितळलाय. निळसर काचेचे हॅलोजनही नकोत, तो रंग थोडा उजेड स्वतःच खातो. साधा ६०/५५ घेतला, १६० रुपयांना एक.

एकच घेतला, ही चूक. बाबा म्हणाले होते, "जोडी घे, दोन्ही एकाच वयाचे आहेत." तीन आठवड्यांनी उजवा गेला.

डावा बदलणं दहा मिनिटांचं काम. कप्लर, म्हणजे बल्बच्या मागचा वायरींचा प्लग ओढून काढायचा, मागचं रबरी बूट, म्हणजे झाकण सोलायचं, तारेची क्लिप दाबून बाजूला करायची, बल्ब बाहेर. नवा बल्ब काचेला बोट न लावता, बुडाला धरून घालायचा. बोटांचं तेल त्या काचेवर राहिलं तर पेटल्यावर तेवढाच भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून घ्यावा. बुडाच्या तीन कानांपैकी एक मोठा असतो, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा.

उजव्या बाजूला मात्र हेडलाइटच्या मागे बॅटरी आहे. जेमतेम चार बोटं जागा. मी आंधळ्यासारखी चाचपडत क्लिप लावली, बूट दाबलं, बॉनेट बंद केलं आणि स्वतःवर खूश झाले. गणपतीच्या दिवसांत बघते तर त्या हेडलाइटच्या काचेला आतून घाम. बुटावर 'टॉप' असं लिहिलेलं असतं, ती बाजू वर यायला हवी. माझी तिरकी होती आणि खालची कड उघडी राहिली होती, तिथून ओल आत गेली. बूट काढून दोन दिवस उन्हाची वाट बघितली. भाद्रपदात ऊन कुठलं? शेवटी केस वाळवायचा ड्रायर कमी गरमवर ठेवून मागून हवा मारली. मुलगा म्हणाला, "आई, गाडीचे केस धुतलेस का?" पुढच्या वेळी बॅटरी काढूनच काम करणार. दोन नट आहेत फक्त, आळस नडला.

मागच्या ब्रेकलाइटचा बल्ब नोव्हेंबरमध्ये बदलला. २१/५ वॅटचा, म्हणजे ब्रेकची एक तार आणि टेललाइटची दुसरी. दोन बाजूंच्या पिना खाली-वर असतात, तो दाबून फिरवायचा. कुणी बळजबरीने उलटा बसवला तर दिवसभर टेललाइट लख्ख आणि ब्रेक मारला की मिणमिणतं, असली गाडी मी पाहिली आहे. इंडिकेटर एका बाजूला एकदम घाईने टकटक करायला लागला तर त्या बाजूचा बल्ब गेला समजा, फ्यूज शोधत बसू नका.

नंबर प्लेटचा छोटा बल्ब तेवढा एलईडी लावला, चाळीस रुपये. लावला तर पेटेना. परत करायला निघालेच होते, बाबांनी काढून उलटा करून घातला, पेटला. एलईडीला प्लस-मायनस कळतं, साध्या बल्बला कळत नाही.

हिशोब सांगते. दोन्ही वायपर, दोन हेडलाइट, एक ब्रेकलाइट आणि नंबर प्लेट मिळून ९०० रुपयांच्या आत काम झालं. त्यात काचेचा टवका धरलेला नाही.

मागचा वायपर अजून राहिलाय. त्याची पट्टी सुटी मिळत नाही, आर्मसकट घ्या म्हणतात आणि साडेसहाशे सांगतात. बाबांनी जुनी पट्टी काढून बाल्कनीत ठेवली आहे. पुढच्या बाजूचं उरलेलं रबर कापून त्यात बसतंय का, हे त्यांचं सध्याचं संशोधन. परवा बसलं होतं, पण काच अर्धीच पुसली.