‘मिरर’ म्हणून विकलेला 57,112 रुपयांचा डबा

ऑफिसातल्या सगळ्या संगणकांच्या फायली एका जागी ठेवून देतो म्हणणारा एक माणूस अमरावतीकडून गावोगाव फिरतो. तुमच्या शेतकरी कंपनीत, पतसंस्थेत, कृषी केंद्रात तो येऊन गेला असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे 57,112 रुपये गेले. त्याहून वाईट, सभासदांची कागदपत्रं गेली.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी यवतमाळ जिल्ह्यात आहे. वजनकाट्याच्या मशीनवर विंडोज 7, हिशेबाच्या दोन मशिनींवर विंडोज 10 आणि 11, दोन जुन्यांवर विंडोजऐवजी उबंटू, शिवाय एक मॅकबुक. तूर नोंदणीच्या हंगामात पेन ड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचा. सातबारा एकीकडे, पासबुक तिसरीकडेच. हे थांबवायलाच हवं होतं, म्हणून संचालक मंडळानं रीतसर ठराव करून खर्च मंजूर केला.

बिल असं: दोन डिस्कांचा नॅस डबा, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवणारा, 18,500. चार टीबीच्या दोन ‘नव्या’ डिस्क, 11,200 प्रमाणे 22,400. ‘सांबा लायसन्स’, म्हणजे संगणकांमध्ये फायली सामायिक करणाऱ्या सॉफ्टवेअरचं, सहा संगणकांचं, 750 प्रमाणे 4,500. बसवणावळ 3,000. वर 18 टक्के जीएसटी 8,712. त्यातले 30,000 यूपीआयनं दिले, 27,112 रोख.

सांबा फुकट आहे! 1992 पासून फुकट आहे. उबंटूत एका आज्ञेनं बसतं. त्याच्या लायसन्सचा कोणी एक रुपया जरी मागितला तरी तिथंच उठा. आम्ही 4,500 दिले.

आता तो क्षण. डबा सुरू झाला, सहाही संगणकांवर सामायिक फोल्डर दिसला, सगळे खूश. विंडोजमध्ये जागा दाखवत होती 7.2 टीबी. ठरलं होतं मिररचं, म्हणजे एकीवरचं सगळं दुसरीवर जसंच्या तसं. चार टीबीच्या दोन डिस्कांचा मिरर केला तर विंडोजला साधारण 3.6 टीबी दिसायला हवी. 7.2 दिसली म्हणजे मिरर केलेलाच नाही, दोन्ही डिस्क जोडून एक करून टाकल्या. त्यात एक मेली की दोन्हींवरचं गेलं. मी तो आकडा पाहिला आणि विचारलंही. तो म्हणे, “टेन्शन कायले घेता भाऊ, दुप्पट जागा काढून देली तुमाले.” ते ‘दुप्पट’ अजून कानात घुमतं. पण आम्ही विचारलं होतं, हे लक्षात घ्या. सोयाबीनचा ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की पोतं परत कसं करायचं ते आम्हाला कळतं. डिस्कचं गणित ज्याला कळतं म्हणून बोलावलं, त्यानंच खोटं सांगितलं.

पावसाळ्यात एक डिस्क गेली. सगळ्या मशिनींवरचा फोल्डर रिकामा. विक्रेता म्हणे लाइटीच्या झटक्यानं गेली, वॉरंटीत बसत नाही. मग पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या एका सभासदाच्या मुलानं दुसरी, चालू डिस्क काढून उबंटूला लावली. डिस्क 38,412 तास चाललेली. म्हणजे सव्वाचार वर्षांहून जास्त, तीही ‘नवी’! वरच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर वेगळा, डिस्क स्वतः सांगते तो वेगळा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये हे दोन मिनिटांत दिसतं. पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या समोर उघडून बघा.

आणखी एक. ‘विंडोज 7 ला लागते’ म्हणून त्यानं सगळ्या विंडोजवर एसएमबी 1, म्हणजे नेटवर्कवर फायली सामायिक करायची जुनी पद्धत, चालू करून ठेवलं होतं. साफ खोटं, विंडोज 7 ला एसएमबी 2 चालतं. 2017 चा वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या वाटेनं पसरला होता. ते आजच बंद करा.

नागपूरला डेटा काढून देणाऱ्यानं 32,000 सांगितले, तेही खात्रीशिवाय. मंडळ नाही म्हणालं. आता सभासदांना पुन्हा सातबारा, आधार घेऊन बोलावतोय आणि प्रत्येक जण विचारतो, आमचे कागद गेले कुठं?

आणि तक्रार! ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला, वकील पाहा. जुनी डिस्क नवं स्टिकर चिकटवून विकली, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मग कशासाठी आहे? सायबर शाखा म्हणे माणूस समोर होता, रोख दिली, हे ऑनलाइन नाही, ठाण्यात जा. ठाणं म्हणे सायबरकडे जा. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी ‘रद्द’! म्हणजे 8,712 त्याच्याच खिशात. करवाल्यांचं उत्तर, पोर्टलवर तक्रार टाका. ग्राहक आयोगाचं विचारायला गेलो तर, तुमची कंपनी आहे, व्यावसायिक वापर आहे, टिकेल की नाही सांगता येत नाही. कंपनी कोणाची? दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्यांची! पीकविम्यासाठी जसं या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात, तसंच इथंही. सगळीकडे अर्जाची झेरॉक्स ठेवून घेतात, पोच मात्र मागूनही देत नाहीत.

शेवटी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टानं अर्ज पाठवला. ठाण्यानं नाकारलं तर तुम्हीही तेच करा आणि पोस्टाची पावती जपा. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 नं सुरू होतो. पैसे देण्याआधी मोबाइलवरच तपासा. रोख देऊ नका. त्याच माणसाकडून डबा घेतला असेल तर आत्ताच सगळं बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवा, दोन्ही डिस्कांचे आणि बिलाचे फोटो काढा, आणि स्टिकर सोलू नका, तोच पुरावा आहे.