ऑनलाइन विक्रेता खातं, दोन वर्षांनंतर: पाचपैकी तीन

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचे टेरी टॉवेलचे आठ माग आहेत. हा रिव्ह्यू माल विकणाऱ्याच्या बाजूचा आहे, गिऱ्हाइकाच्या नाही. प्लॅटफॉर्मचं नाव लिहीत नाही, खातं अजून तिथंच आहे.

पैशाचं काम चोख. पेठेतला व्यापारी माल उचलतो आणि नव्वद दिवसांनी चेक देतो, वर "सोमवारनंतर टाका" म्हणतो. इथं टॉवेल गिऱ्हाइकाला पोचला की आठवड्यात रक्कम जमा. नान्नांचा (म्हणजे वडिलांचा, आमच्या घरी तेलुगू चालतं) विश्वास बसेना. पहिल्या महिन्यात ते पासबुक भरायला स्वतः बँकेत जाऊन आले. टीसीएसही (प्लॅटफॉर्म आमच्या रकमेतून आधीच कापून घेतो तो जीएसटीचा भाग) जुलै २०२४ पासून एक टक्क्यावरून अर्धा टक्का झालाय, तेवढंच भांडवल मोकळं.

खरी गोम आहे वजनात. आमचा ३० बाय ६० इंची टॉवेल वर्षानुवर्षं ५२० ग्रॅमचा. कुरिअरचा स्लॅब, म्हणजे भाड्याचा वजन-टप्पा, ५०० ग्रॅमला संपतो. वीस ग्रॅमसाठी पुढच्या स्लॅबचं भाडं लागतं आणि एका टॉवेलमागची कमाई तिथंच जाते. तीन महिने सोसलं, मग मास्तरला सांगून पाइलचे (टॉवेलवरच्या उभ्या धाग्यांचे) फासे आखूड केले आणि टॉवेल ४६० वर आणला. पिशवी, लेबल धरून ४८० च्या आत. गल्लीत विचारलं तर आणखी दोघांनी तेच केलं होतं. कुणी बैठक घेतली नाही, ठराव केला नाही, कुरिअरच्या काट्यानं मागावरचं कापड बदललं. आणि आता रिव्ह्यू काय येतात? "फोटोत जाड वाटला होता." रेटिंग ४.२ वरून ३.९.

रिटर्नबद्दल न बोललेलं बरं. एकदा निळा टॉवेल पाठवला होता, परत आलं ते विटलेलं गुलाबी पंच्यासारखं काहीतरी, ओलसर. पॅकिंगचा व्हिडिओ पाठवला, क्लेम नामंजूर. कारण एका ओळीत, इंग्रजीत, आणि माझ्या तक्रारीशी संबंध नसलेलं.

दुसरा राग 'सोलापुरी' शब्दाचा. आमच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. पण सर्चमध्ये 'सोलापुरी चादर' टाका, छापील पॉलिस्टरची ब्लँकेटं वर येतात, निम्म्या भावात. तक्रारीचं बटण आहे. दाबून पाहिलंय.

तरी खातं बंद करायला सांगणार नाही. माझी मावसबहीण आमच्या कटपीसचे नॅपकिन शिवून विकते. तिच्याकडे जीएसटी नंबर नाही. ऑक्टोबर २०२३ पासून अशा छोट्या विक्रेत्यांना आपल्या राज्यापुरतं ऑनलाइन विकता येतं. आधी विड्या वळणाऱ्या दोघीजणी तिच्याकडे घडी-पॅकिंगला येतात. तिचा माल हलका, त्यामुळे स्लॅबचं दुखणं नाही. ती पाच तारे देईल, तिला विचारा.

नवीन उतरणाऱ्यांनी डिजिटल काटा आधी घ्यावा, फोटोग्राफर नंतर. प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवून आकड्यासकट फोटो काढा. जास्त वजन लावल्याचे माझे चार वाद त्यावरच सुटले.

आठपैकी दोन माग मी अजून ५२० वर ठेवलेत. तो माल सगळा पेठेत जातो, नव्वद दिवसांच्या उधारीवर.